लिनक्सचा पडदा दोन तऱ्हांचा का? केडीई, ग्नोम आणि परवान्याचा जुना वाद

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर आणखी एका वर्षाची सवलत मिळाली असली, तरी पुढचा रस्ता विंडोज ११ चाच आहे आणि त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व तुलनेने नवा प्रोसेसर असावा लागतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी घेतलेली आणि आजही ठणठणीत चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेने उघड्यावर पडली. आमच्या बेळगावात हे विशेष जाणवते, कारण येथील बरीच कामे अशाच यंत्रांवर होतात. खडेबाजार आणि टिळकवाडीतील झेरॉक्स-डीटीपीची दुकाने, खानापूर तालुक्यातील मराठी शाळांचे संगणक, निपाणी-चिकोडीकडील लहान सोसायट्यांचे हिशेब, सगळीकडे हीच स्थिती आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका परिचित दुकानदाराने मला विचारले, "सर, ह्याच्यावर नवं विंडोज चढत नाही म्हणतंय की ओ. यंत्र तर चांगलं आहे. भंगारात घालायचं काय?" मी त्यांना विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक-प्रणाली वापरून पाहण्यास सुचवले. ते राजी झाले, आणि पहिल्याच पायरीवर प्रश्न आला की पडद्यावरची मांडणी केडीईची हवी की ग्नोमची?

अनेक जण येथेच अडतात. जाणकार मंडळी "दिसायला जे आवडेल ते घ्या" असे सांगून मोकळी होतात. तो सल्ला चुकीचा नाही, पण त्यातून ही दोन नावे आली कोठून हे कळत नाही. त्यांचा जन्म रंगरूपाच्या आवडीनिवडीतून झालेला नाही. ज्या सामानातून पडदा उभा करायचा, त्या सामानावर शेवटचा हक्क कोणाचा, या एका प्रश्नावरून १९९६ ते २००० या काळात मोठा वाद झाला आणि त्यातून ही दोन घराणी उभी राहिली. योगायोग असा की, केडीईच्या जन्माची तारीखही १४ ऑक्टोबरच आहे, १९९६ ची. हा वाद समजून घेणे मला अगत्याचे वाटते, कारण त्याचे परिणाम आज मराठी अक्षर पडद्यावर नीट उमटण्यापर्यंत येऊन पोचले आहेत.

पडद्यामागचे थर

लग्नासाठी आपण मंगल कार्यालय घेतो, तेव्हा मालक सभागृह देतो, वीज आणि पाणी देतो. बोहले कोठे असावे, पंगत कोठे बसावी, वऱ्हाडाचे स्वागत कोणी करावे, यात तो पडत नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे यंत्राचे सगळे भाग चालवणारा कर्नल, हा त्या इमारतीसारखा आहे. त्याच्यावर चित्र उमटवण्याची सोय अनेक वर्षे एक्स विंडो सिस्टीम या थराने केली. एक्सचे काम अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झाले आणि त्याची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. आपण फक्त साधन पुरवायचे, ते कसे वापरावे याचे नियम घालायचे नाहीत, असे एक्सच्या कर्त्यांनी जाणूनबुजून ठरवले होते. म्हणून एक्स पडद्यावर चौकट काढते, माऊस कोठे फिरतो आहे ते कळवते, परंतु चौकटीला मथळ्याची पट्टी असावी का आणि ती बंद करण्याचे बटन डावीकडे असावे की उजवीकडे, याबद्दल ती काहीही ठरवत नाही.

ते ठरवण्यासाठी वर आणखी थर लागतात. चौकटी मांडणे, सरकवणे, एकीवर एक ठेवणे हे काम विंडो मॅनेजरचे. कार्यालयात खुर्च्या मांडून पाहुण्यांना जागा दाखवणारा माणूस असतो, तसा तो समजावा. दुसरा थर टूलकिटचा, म्हणजे बटने, याद्या, सरकपट्ट्या, मजकूर लिहिण्याच्या चौकटी अशा तयार भागांच्या संचाचा. प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक बटन स्वतः घडवत बसत नाही. मंडपवाल्याकडून एकसारखी भांडी आणि सतरंज्या आणाव्यात, तसे तो टूलकिटमधून भाग उचलतो. आणि हे सगळे, म्हणजे चौकटी, मेनू, फायली पाहण्याची खिडकी, सेटिंग, छपाई, घड्याळ, एकाच वळणाचे आणि एकमेकांशी बोलणारे असे करून देणारी पूर्ण व्यवस्था म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट. पुढे मी तिला नुसते डेस्कटॉप म्हणेन. वादाचे मूळ टूलकिटमध्ये आहे, तेवढा शब्द ध्यानात ठेवावा.

प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा रिवाज

रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वापरता येईल, आतून पाहता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारणे हा त्याचा हेतू होता. या चार मोकळिकी असलेल्या सॉफ्टवेअरला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. १९९१ मध्ये हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा गाभा जाहीर केला आणि एक्ससह एक वापरण्याजोगी मुक्त प्रणाली तयार झाली.

मात्र ती वापरणारे लोक बहुतांशी स्वतःच संगणकाचे अभ्यासक होते. पडद्यावरची परिस्थिती अशी होती की, एका प्रोग्रामची सरकपट्टी माऊसच्या मधल्या बटनाने ओढावी लागे, दुसऱ्याची डाव्या. एखाद्या प्रोग्राममध्ये लिहिण्याच्या चौकटीवर माऊसचा बाण नेमका ठेवला नाही तर टाइप केलेली अक्षरे उमटत नसत. मजकूर निवडण्याची पद्धत जागोजागी निराळी होती. एफव्हीडब्ल्यूएमसारखे चांगले विंडो मॅनेजर होते, पण ते चौकटीच्या बाहेरची बाजू सांभाळत. चौकटीच्या आत प्रत्येक प्रोग्रामकर्त्याच्या टूलकिटचे राज्य असे. सरावलेल्या माणसाला याची सवय होऊन जाते आणि मग ते खटकेनासे होते. नवख्या माणसाला मात्र प्रत्येक खिडकीत नव्याने चालायला शिकावे लागे.

मोठ्या कंपन्यांनी युनिक्स ही जुनी प्रणाली चालवणाऱ्या आपापल्या यंत्रांसाठी यावर तोडगा काढला होता. एचपी, आयबीएम, सन आदींनी १९९३ मध्ये सीडीई नावाचा सामाईक डेस्कटॉप पुढे आणला आणि तो मोटिफ या टूलकिटवर बांधला. पण सीडीई आणि मोटिफ या दोहोंसाठी पैसे भरून परवाना घ्यावा लागे, आणि त्यांचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, खुला नव्हता. मुक्त प्रणालीच्या माणसांना ते दार बंद होते.

ट्यूबिंगेनच्या विद्यार्थ्याला काय खटकले

माटियास एट्रिख हे जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचे विद्यार्थी. लेखनासाठी उपयोगी पडणारा लिक्स हा प्रोग्राम त्यांनी त्याआधीच लिहिला होता, त्यामुळे टूलकिटचा त्रास त्यांना आतून ठाऊक होता. लिनक्स आता सामान्य माणसालाही वापरता येईल असा त्यांचा समज होता, आणि आपल्या मैत्रिणीच्या संगणकावर ते बसवून देताना तो समज गळून पडला. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांनी एक जाहीर आवाहन केले. वर सांगितलेल्या सरकपट्ट्यांच्या आणि मजकूर निवडण्याच्या तक्रारी त्या आवाहनातच आहेत. संगणक-व्यवस्थापकांसाठी आणखी एक हत्यार बनवण्याचा आपला विचार नसून, ज्याला इंटरनेट पाहायचे आहे, चार पत्रे लिहायची आहेत, थोडे खेळायचे आहे, अशा वापरकर्त्यासाठी डेस्कटॉप घडवायचा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. नाव ठेवले केडीई, जे उघडच सीडीईवरून घेतलेले होते. पहिल्या के चा अर्थ सुरुवातीला "कूल" असा होता, पुढे तो गळून नुसता के राहिला.

टूलकिट म्हणून त्यांनी क्यूट निवडले. ट्रोलटेक या नॉर्वेच्या लहान कंपनीने ते बनवले होते आणि १९९५ मध्ये ते सर्वांसमोर आणले होते. देखणे, सुबक रचनेचे आणि नीट दस्तऐवज असलेले असे ते टूलकिट होते. त्यामुळे कामाला वेग आला आणि १२ जुलै १९९८ रोजी केडीई १.० बाहेर पडले. दोन वर्षांच्या आत, बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर, फायली पाहण्यापासून पत्रव्यवहारापर्यंत सर्व काही एका वळणाचे करून दाखवणे ही लहान कामगिरी नव्हे.

फुकट मिळत होते, मग आक्षेप कशाला?

संपूर्ण प्रकरणाचा हा कणा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द असल्याने तिकडे मोठा गोंधळ होतो. मराठीत दोन निराळे शब्द असूनही आपण तो गोंधळ करतोच, कारण पैसे पडले नाहीत म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते.

वडगाव-खासबागकडील यंत्रमागावर साडी विणणारा विणकर डोळ्यांसमोर आणावा. समजा, पदरावर नक्षी उमटवण्यासाठी तो मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ चढवतो. एका कसबी कार्डवाल्याने त्याला सांगितले, "तुझ्या साडीची वीण सर्वांना उघड करून देणार असशील तर माझी कार्डे फुकट ने. ती कशी पाडली आहेत तेही पाहा. मात्र त्यांतले एक भोकही बदलून ती कार्डे दुसऱ्याला द्यायची नाहीत. आणि वीण गुपित ठेवून धंदा करायचा असेल तर आधी माझ्याकडून परवाना विकत घे." विणकराला आज काहीच अडचण नाही. साडी सुंदर निघते, गिऱ्हाईक खूश आहे. परंतु उद्या कार्डात चूक सापडली आणि कार्डवाल्याने ती दुरुस्त केली नाही, तर विणकर स्वतः दुरुस्त करून शेजाऱ्याला देऊ शकत नाही. कार्डवाल्याने धंदा विकला आणि नव्या मालकाने अटी बदलल्या, तर पुढची कार्डे कोणत्या भावाने मिळतील हे कोणी सांगू शकत नाही. आणि एव्हाना सगळी गल्ली त्याच कार्डांवर विणू लागलेली असते.

क्यूटच्या त्या वेळच्या परवान्याची रचना साधारण अशीच होती. मुक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ते विनामूल्य होते, सोर्स कोडही पाहायला मिळत होता, पण त्यात बदल करून वाटण्याची मुभा नव्हती.

यात एक कायदेशीर पेचही होता. केडीईचे बरेच प्रोग्राम जीपीएल या परवान्याखाली होते. ग्नू प्रकल्पातून आलेला हा परवाना सांगतो की, प्रोग्राम वाटायचा असेल तर तो ज्यांच्यासह मिळून बनला आहे ते भागही तेवढ्याच मोकळेपणाने द्यावे लागतील. क्यूट तसे देता येत नव्हते. म्हणजे केडीईचे प्रोग्राम आणि क्यूट एकत्र बांधून वाटणारा माणूस दोनपैकी एका परवान्याचा भंग करत होता, निदान आक्षेपकांचे म्हणणे तसे होते. डेबियन या परवान्यांबाबत काटेकोर असलेल्या लिनक्स वितरणाने, म्हणजे गाभा आणि प्रोग्राम एकत्र बांधून देणाऱ्या संचाने, ऑक्टोबर १९९८ मध्ये हे कारण जाहीर करून केडीई आपल्या संग्रहातून काढले.

केडीईच्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. त्यांचे उत्तर असे की, तितके चांगले दुसरे टूलकिट तयार नव्हते आणि ते स्वतः लिहीत बसलो असतो तर वापरकर्त्याच्या हाती काही पडायला आणखी कित्येक वर्षे लागली असती. माझ्या मते आक्षेपकांची भीती रास्त होती, आणि तरीही केडीईने वाट पाहिली नाही हे बरे झाले, कारण समोर चालते-बोलते उदाहरण उभे राहिल्याशिवाय पुढचे काहीच घडले नसते.

मेक्सिकोतून निघालेले उत्तर

मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या दोन तरुणांनी १५ ऑगस्ट १९९७ रोजी ग्नोम प्रकल्पाची घोषणा केली. पायापासून कळसापर्यंत मुक्त अशा सामानाचा डेस्कटॉप उभारण्याचा तो संकल्प होता. यासाठी त्यांनी जीटीके हे टूलकिट घेतले, आणि त्या टूलकिटची स्वतःची कथा या वादाची लहान आवृत्तीच आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस यांनी गिम्प हा चित्रे सुधारण्याचा प्रोग्राम लिहिला होता. आपल्याकडील फोटो स्टुडिओवाल्यांना तो परिचयाचा असेल. त्याची सुरुवातीची आवृत्ती मोटिफवर होती. मोटिफचे जोखड नको म्हणून मॅटिस यांनी गिम्पपुरते नवे टूलकिट लिहिले, तेच जीटीके. त्याला एलजीपीएल हा अधिक सैल परवाना होता, म्हणजे टूलकिट मुक्तच राहील, परंतु त्यावर बंद सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाही कोणाला शुल्क द्यावे लागणार नाही. पुढे २००० मध्ये सन आणि एचपी यांनी आपल्या युनिक्स यंत्रांसाठी ग्नोमचा स्वीकार जाहीर केला.

ग्नोम १.० मार्च १९९९ मध्ये आले. दुसरीकडे क्यूटची हुबेहूब मुक्त प्रतिकृती बनवण्याचा हार्मनी नावाचा प्रयत्नही सुरू झाला होता. असा दोन्हीकडून दाब वाढत असताना ट्रोलटेकने पावले उचलली. जून १९९८ मध्ये केडीई आणि ट्रोलटेक यांनी मिळून एक प्रतिष्ठान स्थापले आणि करार केला की, कंपनीने मुक्त प्रोग्रामांसाठीची क्यूट आवृत्ती पुढे काढणे थांबवले, तर क्यूट अतिशय मोकळ्या परवान्याखाली सर्वांना देऊन टाकण्याचा अधिकार या प्रतिष्ठानाला राहील. १९९९ मध्ये क्यूट २.० मुक्त म्हणवता येईल अशा परवान्याखाली आले. मात्र तो जीपीएलशी जुळत नव्हता. अखेर सप्टेंबर २००० मध्ये क्यूट २.२ ला जीपीएल लागू झाला आणि मूळ आक्षेप संपला. हार्मनीची गरजच उरली नाही.

हा करार किती दूरदृष्टीचा होता हे नंतर दिसून आले. ट्रोलटेक २००८ मध्ये नोकियाने घेतली, नोकियाकडून क्यूट डिजियाकडे गेले, आणि आता ते वेगळ्या क्यूट कंपनीकडे आहे. इतके मालक बदलले, तरी केडीईचे काम एक दिवसही अडले नाही, कारण प्रतिष्ठानाचा करार आजही लागू आहे. मघाच्या विणकराच्या हाती असा कागद असता, तर कार्डवाल्याने धंदा कोणालाही विकला तरी त्याचा माग थांबला नसता.

वाद मिटल्यावर दोन्ही का राहिले?

एवढी शक्ती विभागली, एकच चांगला डेस्कटॉप केला असता तर, हा आक्षेप हमखास येतो. त्यात तथ्य आहे. पुष्कळ काम दोनदा झाले. पण २००० पर्यंत दोन्हीकडे हजारो तासांची मेहनत, निराळ्या भाषेत लिहिलेला कोड आणि निराळी दृष्टी तयार झालेली होती. केडीईचा कल वापरकर्त्याला हवे तसे बदलू देण्याकडे, तर ग्नोमचा कल कमी पर्याय देऊन ते नेटके ठेवण्याकडे झुकत गेला. एक्सएफसीई हा तिसरा डेस्कटॉप ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी १९९६ मध्येच सुरू केला होता. त्याचेही पहिले टूलकिट पुरेसे मुक्त नसल्याने त्याला वितरणात जागा मिळेना, आणि १९९९ मध्ये तो जीटीकेवर पुन्हा लिहावा लागला. तीन निरनिराळ्या माणसांना एकाच दगडाची ठेच लागली, हे मला फार बोलके वाटते.

वेगळे राहूनही त्यांनी सामाईक रिवाज ठरवले. त्यासाठी २००० मध्ये फ्रीडेस्कटॉप हा उपक्रम सुरू झाला. मेनूची नोंद कशी करावी, एका खिडकीतून दुसरीत ओढून टाकणे कसे व्हावे, याचे दोन्ही घराण्यांना मान्य असे नियम तेथे झाले. म्हणून आज केडीईवर ग्नोमचे आणि ग्नोमवर केडीईचे प्रोग्राम विनासायास चालतात. केडीई की ग्नोम या प्रश्नाचा धसका घेण्याचे त्यामुळेच कारण नाही. निवड चुकली तरी कोणताही प्रोग्राम हातचा जात नाही.

या मोकळिकीचे फळ लिनक्सच्या बाहेरही गेले. केडीईच्या इंटरनेट पाहण्याच्या प्रोग्राममध्ये पाने पडद्यावर मांडणारे केएचटीएमएल नावाचे इंजिन होते. अॅपलने २००३ मध्ये सफारी हा ब्राउझर जाहीर केला तो त्याच इंजिनावर आधारून. त्यातून वेबकिट झाले, वेबकिटवर गुगलचे क्रोम उभे राहिले आणि २०१३ मध्ये गुगलने त्याची स्वतंत्र शाखा काढली. आपल्या मोबाइलवर बातम्या उघडणाऱ्या ब्राउझरची वंशावळ अशी केडीईपर्यंत मागे जाते.

आपल्या लिपीचा यात काय संबंध?

सीमाभागातील वाचकांसाठी हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. आमच्याकडे एकाच लग्नाची पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये निघते. तीत "सूर्यकांत" हे नाव असेल तर पाहा काय होते. संगणकाच्या स्मरणात र हा य च्या आधी साठवलेला असतो. मराठीत छापताना तो य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. कन्नडमध्ये तोच र य च्या मागे, उजवीकडे एका चिन्हाच्या रूपाने जातो. त्याला अर्कावत्तू म्हणतात. "शिक्षक" मध्ये वेलांटी साठवली जाते श च्या नंतर आणि दिसते आधी. "तऱ्हा", "कुऱ्हाड" यांतला अर्धा र तर हिंदीत नसतोच. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की काम झाले; आपल्या लिप्यांत मांडणीआधी घडण करावी लागते.

ही घडण करणारा भाग कोणत्याही प्रोग्रामकर्त्याला स्वतः लिहिणे परवडणारे नाही, तो टूलकिटने द्यावा लागतो. ग्नोमकडे त्यासाठी पँगो होते, क्यूटकडे त्यांची स्वतःची सोय होती. दोन्हींची मुळे एकाच मुक्त फाँट प्रकल्पाच्या कोडमध्ये होती, आणि पुढे दोन्ही बाजूंचे काम एकत्र करून हार्फबझ तयार झाले. हे नाव फारसीतून आले आहे, आणि त्यातला हर्फ म्हणजे आपण "एक हरफही येत नाही" म्हणतो त्यातला हरफ. आज हेच हार्फबझ अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये आहे. रफार चुकीच्या जागी बसत असेल तर जगातला कोणताही जाणकार त्याचा सोर्स कोड उघडून दुरुस्ती करू शकतो आणि ती दुरुस्ती सर्वांना मिळते. क्यूटच्या पहिल्या परवान्याखाली नेमके हेच करता आले नसते. मराठी-कन्नडसारख्या भाषांची दुरुस्ती कंपनीच्या यादीत वर यायला किती काळ लागतो, हे आपण जुन्या फाँटांच्या दिवसांत भोगलेले आहे.

मेनूंच्या मराठी भाषांतराची स्थिती मात्र तितकी चांगली नाही. दोन्ही डेस्कटॉपचे मराठी आणि कन्नड भाषांतर स्वयंसेवकांनी आणि भाषातज्ज्ञांनी केलेले आहे, पण नव्या आवृत्तीत भर पडलेल्या पाट्या पुष्कळदा इंग्रजीतच राहतात. तेथे हातांची गरज आहे, आणि दोन्ही भाषा जाणणारी माणसे आपल्या भागात जितकी आहेत तितकी क्वचितच कोठे असतील.

माझी रोजची कामे होतील का?

पत्रे, तक्ते, ईमेल, इंटरनेट, यूट्यूब, पीडीएफ, साध्या छपाई यंत्रांचे काम, हे सर्व होते. पेजमेकर आणि टॅली यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या मात्र नाहीत. ते लिनक्सवर थेट चालत नाहीत. डिजिटल सहीच्या काही पेनड्राइव्हसारख्या साधनांचीही अडचण येऊ शकते. जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना सामाईक क्रमांक ठरण्यापूर्वीच्या) फाँटांत टाइप केलेल्या पत्रिका उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल, कारण आत मराठी साठवलेलेच नसते, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. तो मजकूर रूपांतरित करून घ्यावा लागतो. ज्यांचा धंदा या गोष्टींवर आहे त्यांनी सगळी यंत्रे एकदम बदलू नयेत, असेच मी सांगेन.

नवे काम मात्र जमते. पत्रिकेची मांडणी स्क्रायबसमध्ये होते, नक्षी इंकस्केपमध्ये निघते. गंमत म्हणजे पहिले क्यूटवर बांधलेले आहे आणि दुसरे जीटीकेवर, आणि दोन्ही एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी चालतात. चार जीबी रॅमचे जुने यंत्र असेल तर एक्सएफसीई घ्यावे. खानापूर तालुक्यातील एका शाळेत तशाच यंत्रावर मुले महिन्याभरात सरावलेली मी पाहिली. आठ जीबी असेल आणि हाताला विंडोजची सवय असेल तर केडीई जवळचे वाटेल. ग्नोमची रचना निराळी आहे, ती शिकण्याची तयारी असेल तर फार सुटसुटीत आहे. काही कायमचे करण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून चालू करून पाहता येते, त्या वेळी मूळ विंडोजला धक्का लागत नाही.

त्या दुकानदारांनी तसेच केले. दोन यंत्रांपैकी एकावर केडीई चढवले, दुसरे जुन्या पत्रिकांसाठी विंडोजवरच ठेवले आणि त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली. त्यांच्याकडे टाइप करणारी मुलगी इनस्क्रिप्ट शिकलेली आहे, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी १९८६ मध्ये ठरवलेला समान कळफलक. त्यात क, त, प या अक्षरांच्या जागा सर्व लिप्यांत त्याच असतात. परवा गेलो तेव्हा ती वराचे नाव मराठीत टाइप करत होती. झाल्यावर तिने भाषा बदलण्याची कळ दाबली, कन्नड मजकुराच्या चौकटीत गेली, आणि बोटांची जागा न बदलता तेच नाव पुन्हा टाइप केले.